दुसऱ्याने निवडलेली गाणी



व्याख्यानमालेतील श्रोत्याने काय ऐकावे हे श्रोता ठरवीत नसतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून विषय आणि वक्ते चालकांनी निवडावे आणि श्रोत्यांनी उन्हे उतरल्यावर येऊन बसावे, असाच रिवाज आहे. व्याख्यान कंटाळवाणे झाले तर उठून जाण्याचा हक्क श्रोत्याला असतो, आणि तो बजावणारे रसिक प्रत्येक गावात असतात. येथेही असतील, त्यांच्यासाठी दरवाजा उघडाच आहे.

माझा आजचा विषय या रिवाजाशी नात्याने जवळचा आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही, जो आपल्याला ओळखत नाही, अशा माणसाने निवडलेली गाणी आपण ऐकतो. एकामागून एक, त्याने लावलेल्या क्रमाने ऐकतो आणि पुढे त्यांनाच आपली आवडती गाणी म्हणू लागतो. हे कसे घडत गेले, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय हलका वाटेल. परंतु कोणाचे गाणे कोणाच्या कानी पडावे हे कोण ठरवितो, हा प्रश्न हलका नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर तो मुळीच हलका नाही, कारण येथे एका बाजारपेठेत मराठी, अहिराणी, गुजराती, गुजरी, हिंदी, भिली, मावची आणि पावरी या साऱ्या भाषा एकाच दिवशी कानी पडतात.

यंत्रे येण्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता, असे म्हटले तरी चालेल. काठीची होळी घ्या, सारंगखेड्याच्या दत्ताची यात्रा घ्या, किंवा सातपुड्याच्या कुशीतले एखादे लग्न घ्या. ढोल वाजू लागला, फेर धरला गेला की पुढचे गाणे कोणते, हे तिथल्या तिथे ठरते. एखादी म्हातारी पहिली ओळ उचलते, बाकीच्या तिच्यामागे जातात. तिचे चुकले तर दुसरी उचलते. गाणारीला ऐकणारा दिसत असतो आणि बहुधा ऐकणाराही थोडा वेळाने गाणाराच होतो.

हे नाते तोडले ते तबकडीने. १९०२ साली फ्रेडरिक गाइसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानसारख्या गायिकांचे आवाज मुद्रित केले. आपल्या संगीताचा त्याला गंधही नव्हता. कोणाला बोलवावे आणि कोणते गाणे घ्यावे, यासाठी त्याला इतरांच्या शब्दावर विसंबावे लागे. पुढे कंपनीचे स्थानिक दलाल आणि विक्रेते हे काम करू लागले. एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात जे बसेल ते गाणे. म्हणजे रसिकांच्या घरापर्यंत जे पोचले ते आधी दलालाच्या, मग घड्याळाच्या आणि मग दुकानदाराच्या चाळणीतून गळून आलेले. तरीही विकत घेणारा निदान दुकानात उभा राहून ‘ही नको, ती द्या’ म्हणू शकत होता. रेडिओने तीही सोय काढून घेतली.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३६ साली सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. रेडिओ घरी ठेवण्यास परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. एवढे करून घरात आलेल्या पेटीतून काय ऐकू यावे, हे मात्र पेटीचा मालक ठरवीत नसे. ते दूरच्या शहरातील एखादा कार्यक्रम-अधिकारी ठरवी.

या अधिकाऱ्यांच्या वर १९५२ साली एक मंत्री आले, आणि ते आपल्या महाराष्ट्राचे होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा जन्म पुण्याचा. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निस्सीम प्रेम होते आणि चित्रपटसंगीत थिल्लर होत चालले आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. चित्रपटगीतांचा वेळ त्यांनी कमी केला. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगावयाचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असाही दंडक घातला गेला. निर्मात्यांना ते रुचले नाही; त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. अशा रीतीने १९५२ सालच्या अखेरीपर्यंत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांची आज टिंगल करणे फार सोपे आहे, आणि पुष्कळांनी ती केलीही आहे. मला ती सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालचाच. ज्यांना मैफिलीचे दार कधी उघडे नव्हते अशा असंख्य लोकांनी थोरामोठ्यांचे गाणे पहिल्याने ऐकले ते या कार्यक्रमात. चित्रपटगीताच्या जागी आकाशवाणीने स्वतःचे सुगम संगीत तयार करावयास घेतले आणि त्याच वातावरणात, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर, आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते. ‘गीतरामायण’ हवे असे पत्र लिहून कोणीही मागितले नव्हते. जे अस्तित्वातच नाही ते मागणार कसे? सीताकांत लाड यांच्यासारख्या एका जाणत्या अधिकाऱ्याच्या मनात ते आले आणि सारा महाराष्ट्र रेडिओपुढे हात जोडून बसला. परक्याची निवड ही नेहमीच जुलूम असते असे नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

परंतु केसकरांच्या हातून एक गोष्ट सुटली. आवडीनिवडीला शिस्त लावता येते, असे त्यांनी धरले होते. लोकांना रेडिओची सुई फिरविता येते, हे त्यांनी धरले नव्हते.

सुई फिरली ती सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोस एक शक्तिशाली प्रक्षेपक उभारलेला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या नभोवाणीकडे आला आणि १९५० साली तेथे व्यापारी विभाग सुरू झाला. लघुलहरींची मौज अशी की त्या जमिनीला चिकटून जात नाहीत. वातावरणात शंभर किलोमीटरच्या वर जे विद्युत्भारित थर आहेत त्यांच्यावर आपटून त्या दूरवर खाली उतरतात. त्यामुळे कोलंबोपासून सुमारे सतराशे किलोमीटर दूर असलेल्या आपल्या या तापीकाठी सिलोन लागे. खरखर होई, आवाज लाटेसारखा वरखाली जाई, पण लागे.

आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी, म्हणजे आकाशवाणीवर चित्रपटगीताला दार बंद होण्याच्याच सुमारास, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता. निवेदक अमीन सायानी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. (ते २० फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले.) आरंभी सात गाणी वाजवून त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखावा, अशी स्पर्धा असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांपर्यंत गेली. तेव्हा पत्रे मोजण्याचा नाद सोडून लोकप्रियतेची उतरंड लावण्याची पद्धत आली. तबकड्यांच्या विक्रीचे आकडे त्यासाठी उपयोगी पडू लागले. दहा घरांपैकी नऊ घरी सिलोन लागलेले असते आणि दहाव्याचा रेडिओ बिघडलेला असतो, असा विनोद त्या काळी प्रचारात होता.

या सगळ्यात गमतीचा भाग प्रवासाचा आहे. गाणे मुंबईच्या स्टुडिओत तयार होई. सायानी त्यावरचे निवेदन मुंबईतच ध्वनिमुद्रित करीत. ती फीत विमानाने कोलंबोस जाई आणि तेथून आकाशाच्या छताला लागून नंदुरबारला परत येई. मुंबईचे गाणे खानदेशात येण्यासाठी समुद्र ओलांडून जावे लागे, हा सरकारी धोरणाचा महिमा.

सिलोनच्या सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाची एक रीत मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. आठ वाजता कार्यक्रम संपावयाचा आणि शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असावयाचे. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी वारले होते. ज्यांनी त्यांचा एकही बोलपट पाहिला नव्हता अशा घरांतूनही त्यांच्या आवाजावर शाळेची आणि कचेरीची वेळ ओळखली जाऊ लागली. कोणा एका निवेदकाने ही रीत पाडली आणि हजारो घरांची सकाळ तिने बांधून टाकली. त्या घरांपैकी एकाचेही मत घेतलेले नव्हते, आणि एकाचीही तक्रार नव्हती.

शेवटी सरकारलाही वाकावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत सन्मानाने परत आले. त्याबरोबर एक नवी प्रजा उदयास आली. फरमाईश करणाऱ्यांची प्रजा. सिलोनवर आणि विविध भारतीवर फरमाइशीचे कार्यक्रम असत, मुंबई केंद्रावर मराठी गाण्यांसाठी ‘आपली आवड’ असे. पोस्टकार्डावर गाणे, चित्रपट आणि खाली नावांची रांग लिहून पाठवावयाची. तेव्हाच्या बिहारातील, आताच्या झारखंडातील झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ या पोस्टकार्डांमुळे देशभर ठाऊक झाले.

फरमाइशीविषयी लिहिणारे बहुतेक लोक तिला लोकशाहीचा विजय म्हणतात. मंत्र्याने निवडलेले गाणे गेले आणि जनतेने निवडलेले आले, असा त्यांचा हिशेब असतो. तो मला अर्धाच पटतो. मी झुमरीतलैयाच्या माणसाला ओळखत नाही. त्याने मागितलेले गाणे मी ऐकतो. येथपर्यंत ते मोठे सुंदर आहे. कोण कुठला एक माणूस, त्याला अमुक गाणे आवडते एवढेच मला त्याच्याविषयी कळते, आणि तेवढ्यावर तीन मिनिटे आम्ही दोघे एका जागी बसल्यासारखे होतो. नावांची ती लांबलचक रांग गाण्यापेक्षाही कान देऊन ऐकणारे लोक होते. त्यात आपल्या गावाचे नाव आले तर दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा होई.

पण फरमाईश करण्यास काय काय लागत असे, ते पाहा. पहिले, लिहिता येणे लागे. दुसरे, ज्या भाषेत केंद्र बोलते ती भाषा लागे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, मागावयाचे गाणे आधी तबकडीवर असावे लागे. या तीन अटींत आपल्या जिल्ह्यातील किती माणसे बसत होती? २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. १९५७ साली, जेव्हा हा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता, तेव्हा अक्राणीच्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात पोस्टकार्ड लिहिणारा माणूस कितीसा सापडला असता? आणि सापडला असता तरी त्याने मागावे काय? लग्नातल्या रोडालीच्या गाण्याची तबकडी कोणत्या दुकानात मिळणार होती?

भाषा कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा भिल्ल भाषांवरचा खंड १९०७ सालीच छापून झाला होता. खानदेशीही त्याच खंडात आहे. कागदावर या भाषांची व्याकरणे लागली, नमुने छापले गेले. हवेत मात्र त्यांना जागा नव्हती. मंत्र्याच्या निवडीत त्या नव्हत्या, कारण त्यांत राग नव्हता. जनतेच्या निवडीतही त्या नव्हत्या, कारण त्यांची तबकडी नव्हती. दोन्ही पक्षांचे भांडण काही वर्षे चालले आणि डोंगरातला माणूस दोघांचीही गाणी ऐकत राहिला. या जिल्ह्याचे कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. व्यासपीठावर कोणाला बोलावले जाते आणि खाली कोण बसून राहतो, हा तिचा विषय. मला रेडिओचा हा इतिहास वाचताना ती कविता हटकून आठवते.

जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले आणि खानदेशाला स्वतःचा आवाज मिळाला, ही नोंद येथे करून पुढे जातो. कारण दुसऱ्याच वर्षी, १९७७ साली, निवडीच्या या इतिहासातील सर्वांत अजब प्रकरण घडले आणि त्यात एक मराठी गायिका आहे.

अमेरिकेने त्या वर्षी व्हॉएजर नावाची दोन अवकाशयाने सोडली. दुसरे २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला. (उलटा क्रम माझ्या चुकीचा नाही, दुसरे यानच आधी सुटले.) प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविली आहे. तीत पृथ्वीवरील सत्तावीस संगीतरचना आहेत, सुमारे नव्वद मिनिटांच्या. शास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या चार-सहा सहकाऱ्यांनी त्या निवडल्या. ऐकणारा कोण, त्याला कान आहेत की नाहीत, हेही ठाऊक नाही! परक्याने परक्यासाठी केलेली याहून मोठी निवड मानवाच्या इतिहासात झालेली नाही.

हिंदुस्थानच्या वाट्याला त्यांत एकच जागा आली, आणि ती गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांना मिळाली. भैरवीची एक छोटी चीज, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने तिची शिफारस केली. ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती. ॲन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येने तबकड्या थोड्याच दिल्या, आणि त्यांतली एक दुकानातल्या खोक्यातून उठून ताऱ्यांच्या वाटेला लागली. पहिले यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या.

त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत. मराठी आहे, गुजराती आहे. भिली नाही. सेगन यांना मी दोष देत नाही; पृथ्वीवर हजारो भाषा, त्यांनी तरी काय काय घ्यावे? पण पोस्टकार्डाच्या वेळी ज्या चाळणीतून जी भाषा गळाली होती तीच येथेही गळाली, एवढे आपण नंदुरबारकरांनी पाहून ठेवावे.

ताऱ्यांवरून आता परत बाजारात येऊ. चुंबकीय फितीची कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली युरोपात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचली ती १९८० नंतर. नव्वद मिनिटांची कॅसेट सर्रास मिळे, म्हणजे व्हॉएजरच्या तबकडीइतकीच. तबकडी काढण्यास कारखाना लागतो; कॅसेट भरण्यास दोन टेपरेकॉर्डर आणि एक तार पुरते. एवढ्या फरकाने सगळे चित्र पालटले. गावोगावच्या दुकानांतून ‘कॅसेट भरून घेणे’ हा एक नवा व्यवहार सुरू झाला. गाण्यांची यादी द्यावयाची आणि दोन दिवसांनी कॅसेट न्यावयाची. यादी देणाऱ्याला गाणी सुचेनाशी झाली की उरलेल्या जागेत दुकानदार आपल्या मनची भरी. कंपन्यांना हा धंदा आवडत नसे, कारण कायद्याने ती चोरी होती. कायदा त्यांच्या बाजूचा होता हे खरेच. पण एखाद्याच्या प्रवासाच्या कॅसेटमधली शेवटची चार गाणी कोणी निवडली, हे त्या कुटुंबाला कधीच कळले नाही आणि तीच गाणी घरात सर्वांत जास्त लाडकी ठरली, असेही पुष्कळदा घडले असेल.

आणि येथेच, श्रोतेहो, डोंगर बोलू लागला. थोड्या भांडवलात कॅसेट निघते म्हटल्यावर अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या. मागोमाग आदिवासी बोलींतल्या आल्या. लग्नातली नाचाची गाणी, होळीची गाणी. कोठे अस्सल ढोल, कोठे शहरी वाद्यवृंदाची भेसळ. जाणकार नाके मुरडतात. तालाची पेटी लावून पारंपरिक गाण्याचा विचका केला, असे ते म्हणतात, आणि काही कॅसेटींच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु केसकरांचे चित्रपटगीताविषयीचे म्हणणे याहून फारसे वेगळे नव्हते, याची त्यांना आठवण दिली पाहिजे. ज्याच्या गाण्याला तीस वर्षे कोणी विचारले नाही, त्याने ते पहिल्याने बाजारात आणताना थोडे भडक कपडे घालून आणले, तर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो?

पुढची हकीकत आपल्या डोळ्यांदेखतची आहे. कॅसेट गेली, तबकड्यांचा नवा अवतार आला आणि गेला, मग मोबाइल फोन आला. आता स्वस्त इंटरनेटमुळे तो धंदाही बसला, पण मधली काही वर्षे आठवडी बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानापुढे माणसे नखाएवढे कार्ड हातात धरून उभी राहत. ‘कार्ड भरून द्या’ एवढेच म्हणावयाचे. काय भरू, असे दुकानातला पोरगा फार तर एकदा विचारी. ‘भर चांगले-चांगले.’ मग तो आपल्या संगणकातून पाचशे-सातशे गाणी एका दमात ओतून देई. हिंदी नवी, हिंदी जुनी, थोडी भजने, अहिराणी, आणि पावरी-भिली लग्नगीते. डोंगरातला माणूस ते कार्ड घेऊन घरी जाई आणि महिनाभर ऐके. केसकर, सायानी आणि सेगन यांच्या गादीवर हा पोरगा बसला होता. त्याला कोणी नेमले नव्हते आणि त्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. पण या जिल्ह्यातील कोणती बोली कोणत्या पाड्यावर ऐकू जावी, हे त्या काळात त्याच्या बोटाच्या एका टिचकीवर ठरत होते, आणि त्याच्या यादीत आदिवासी गाणी होती. ती का होती? समोरचे गिऱ्हाईक तोंडावर मागत होते म्हणून. पोस्टकार्ड लागत नव्हते.

शहाद्याहून धडगावकडे जाणाऱ्या जीपगाडीत आजही चालकाची निवड चालते. घाट चढताना तो आपल्या आवडीचे लावतो, माणसे दाटीवाटीने बसून ऐकतात. मागच्या बाकावरून एखादी बाई पावरीत काहीतरी ओरडते, पुढचे दोघे हसतात, चालक मान न वळविता हात लांब करतो आणि गाणे बदलतो.